थंड इंजिनाची गोष्ट

परवा नाशिकहून पुण्याला परत येत होतो. नारायणगाव सोडलं आणि मागून एक गाडी आली ती सुळकन पुढे निघून गेली. अख्ख्या गाडीवर काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या नक्षीचा कागद चिकटवलेला, दिवेसुद्धा अर्धे झाकलेले, आणि मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'ऑन टेस्ट'. चाकण-पिंपरीकडच्या लोकांना यात नवीन काही नाही. माझ्या मुलाने मात्र लगेच मोबाईल काढून फोटो घेतला. "बाबा, कुठलं मॉडेल असेल?"

मला मॉडेलचं काही सुचलं नाही. मला आठवला मामा.

आमच्या नात्यातली जी मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांना मामा कोण हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. माझा धाकटा मामा पुण्यातल्या एका वाहन कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होता. (कंपनीचं नाव सांगत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करू नका.) टेस्ट ड्रायव्हर म्हटलं की डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला, शर्यतीत उतरल्यासारखा कोणीतरी येतो. मामाचं काम तसलं नव्हतं. अजून बाजारात न आलेली गाडी घ्यायची, मागे वाळूची पोती भरायची, आणि पुणे-कोल्हापूर-पुणे करायचं. ते झालं की परत पुणे-कोल्हापूर-पुणे. जोडीला एक माणूस, आळीपाळीने गाडी चालवायची. खंबाटकीचा घाट त्याने आयुष्यात किती वेळा चढला असेल याचा हिशोब त्याच्याकडेही नव्हता. लग्नकार्यात मामा कुठे आहे असं कोणी विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, "वरच्या खोलीत झोपलाय."

त्याच्याकडे एक रजिस्टर असायचं. त्यात किलोमीटर, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, किती डिझेल घातलं, किती ऑइल वाढवावं लागलं, हे सगळं रकान्यांत भरायचं. शेवटचा रकाना 'शेरा'. कंपनीचं रजिस्टर कंपनीत जमा व्हायचं, पण मामा स्वतःसाठी एक छोटी वहीसुद्धा ठेवायचा. त्या वहीवर पुढे येतो.

आणि मामाचा एक नियम होता. आमच्या घरात तो म्हणीसारखा वापरला जातो. नवीन मॉडेल निघालं की एक वर्ष थांबायचं. "पहिल्या वर्षीची गाडी गिऱ्हाईक टेस्ट करतं, आणि त्याचे पैसेही तेच भरतं!" आम्ही हसायचो. ज्याने आयुष्यभर गाड्या तपासल्या त्याचाच तपासणीवर विश्वास नाही, याची गंमत वाटायची.

आता सांगायला हरकत नाही, गेले काही महिने माझं एका नव्याकोऱ्या मॉडेलवर मन बसलंय. इंजिनही नवीन. बुकिंग करायच्या आधी मामाचा नियम आडवा आला, आणि मग सवयीप्रमाणे मी वाचायला बसलो. नवं इंजिन विकण्याआधी ते रस्त्यावर नक्की तपासतात कसं? वाचता वाचता इतिहासातलं एक असं प्रकरण सापडलं की मामाची फार आठवण झाली. एकच जातीचं इंजिन, तीन देशांतल्या तीन कंपन्या, काळ साधारण तोच, आणि तपासण्याच्या तीन तऱ्हा. म्हटलं लिहून टाकावं.

इंजिनाचं नाव वान्केल.

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. वर गेला, थांबला, खाली आला, थांबला, असं मिनिटाला काही हजार वेळा. फेलिक्स वान्केल नावाच्या जर्मन माणसाला हे वर-खाली करणं मुळातच पटत नव्हतं. शेवटी चाक गोल फिरवायचं आहे ना, मग इंजिनानेच गोल का फिरू नये? वान्केलचा जन्म १९०२ चा. इंजिनिअरिंगची पदवी नाही. आणि गंमत म्हणजे गाडी चालवायचं लायसन्सही नाही, कारण डोळे फार अधू होते.

त्याच्या इंजिनात पिस्टनच्या जागी एक तिकोनी रोटर असतो, बाजू किंचित फुगीर असलेला. तो एका बंद खोलीत फिरतो. खोलीचा आकार मधे थोडा चिमटलेल्या लंबगोलासारखा. रोटर फिरला की त्याच्या आणि भिंतीच्या मधली जागा लहान-मोठी होत राहते, आणि त्यातच हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं हे सगळं उरकतं. भाग कमी, आकार लहान, आणि थरथर जवळजवळ नाही.

सगळी गोम आहे ती रोटरच्या तीन टोकांवर. प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी बसवलेली असते, तिला सील म्हणतात. प्रेशर कुकरची रिंग आठवा. रिंग सैल झाली की वाफ बाजूने निघून जाते आणि शिट्टी काही होत नाही. या सीलचं काम तेच, फक्त कुकरची रिंग एका जागी गप्प बसलेली असते आणि ही पट्टी आगीच्या शेजारून, प्रचंड वेगाने, भिंतीला घासत पळत असते. ती झिजली की इंजिनाचा दम गेला.

हे इंजिन पहिल्यांदा चाललं १ फेब्रुवारी १९५७ ला, जर्मनीत नेकार्सउल्म गावी, एनएसयू कंपनीत. ही कंपनी मोटरसायकलींसाठी नावाजलेली. पुढच्याच वर्षी तिथल्याच हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने त्याची सोपी, कारखान्यात बनवता येईल अशी आवृत्ती उभी केली. १९५९ च्या अखेरीस एनएसयूने जगाला ही बातमी सांगितली आणि लायसन्स घ्यायला रांग लागली. डायम्लर-बेंझ, रोल्स-रॉइस, पुढे जनरल मोटर्ससुद्धा. पिस्टनचे दिवस भरले असं शहाणीसुरती माणसं म्हणत होती.

आता तीन तऱ्हा बघू.

पहिली तऱ्हा खुद्द एनएसयूची. १९६४ साली त्यांनी स्पायडर नावाची छोटी उघडी गाडी काढली, वान्केल इंजिन असलेली जगातली पहिली विक्रीची गाडी. एकच रोटर, आणि तीन वर्षांत २,३७५ गाड्या. मग सप्टेंबर १९६७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली रो ८०. दोन रोटर, ११५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिचे फोटो बघा एकदा. आजही रस्त्यावर आली तर जुनी वाटणार नाही. १९६८ साठीचा युरोपातला 'कार ऑफ द इयर' किताब तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली जर्मन गाडी.

आणि मग इंजिनं बसायला लागली. पन्नास हजार किलोमीटरच्या आत, कित्येकांची तर त्याच्या निम्म्यातच. एनएसयूने वॉरंटीत कद्रूपणा केला नाही, इंजिनं बदलून दिली. काहींची दोन-दोन, तीन-तीन वेळा. त्या काळचा एक विनोद सांगतात, की रो ८० चे मालक रस्त्यात समोरासमोर आले की हात हलवत नसत, आपलं कितवं इंजिन चालू आहे तेवढी बोटं दाखवत!

हा विनोद कंपनीला मात्र महागात पडला. एनएसयू तशी लहान कंपनी. एकीकडे नव्या गाडीचा खर्च, दुसरीकडे इंजिनं बदलून देण्याचा. १९६९ साली ती फोक्सवागनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. त्या जोडीतूनच आजची ऑडी उभी राहिली.

नेमकं बिघडत काय होतं? इथे माझी मान ताठ झाली. रो ८० च्या टोकावरचं सील तीन तुकड्यांचं होतं आणि तिन्ही तुकडे एकाच धातूचे. इंजिन थंड असताना सुरू केलं, की मधला तुकडा बाजूच्या दोघांपेक्षा जास्त झिजायचा. मधला झिजला की तो हलायला लागायचा, मग बाजूचे दोन हलायचे, आणि जळालेला वायू फटीतून निसटायचा. म्हणजे कुकरची रिंग गेली. पुढे मधला तुकडा वेगळ्या, फार कठीण मिश्रणाचा केला आणि हा त्रास पुष्कळ आटोक्यात आला. पण तोवर नाव गेलं होतं.

आता विचार करा. एनएसयूच्या लोकांनी गाडी पळवून बघितली नसेल का? जरूर बघितली असणार. पण गाडी लांब पळवायची म्हणजे काय होतं? सकाळी इंजिन एकदा सुरू करायचं, पहिल्या काही किलोमीटरमध्ये ते गरम होतं, आणि मग दिवसभर गरमच राहतं. पाचशे किलोमीटरच्या फेरीत थंड इंजिन सुरू करण्याची वेळ येते फक्त एकदा. याउलट गावातला डॉक्टर. घरून दवाखाना दोन किलोमीटर, दुपारी परत, संध्याकाळी व्हिजिटला, रात्री परत. त्याच्या मीटरवर दिवसाला दहा किलोमीटर, पण थंड सुरुवात तीन-चार वेळा. पाचशे किलोमीटर भरेपर्यंत त्याने जवळपास दोनशे वेळा थंड इंजिन सुरू केलेलं असतं. दोन्ही मीटरवरचा आकडा एकच, पण सीलने सोसलेलं एक नव्हे.

आणखी एक गोष्ट. हे इंजिन इतकं गुळगुळीत चालायचं की मर्यादेच्या बाहेर पळवलं तरी चालवणाऱ्याला कळायचंच नाही. नेहमीचं इंजिन ओरडून सांगतं, हे गप्प राहायचं. एनएसयूला पुढे गाडीत इशाऱ्याचा आवाज बसवावा लागला. मुरलेल्या टेस्ट ड्रायव्हरला असल्या बझरची गरज पडत नाही. त्याची नजर काट्यावर असते. गिऱ्हाइकाची कुठे असते? :)

दुसरी तऱ्हा जपानची, आणि ही माझी आवडती.

हिरोशिमाची तोयो कोग्यो. हिलाच आपण माझ्दा म्हणून ओळखतो. सुरुवात झाली १९२० साली, बाटलीच्या बुचाच्या लाकडापासून, म्हणजे कॉर्कपासून. पुढे १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या. ६ ऑगस्ट १९४५ ला शहरावर बॉम्ब पडला तेव्हा शहराच्या पूर्वेला असलेला हा कारखाना मधल्या हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे बऱ्यापैकी वाचला. नंतर काही काळ सरकारी कचेऱ्याही तिथूनच चालत होत्या. त्या भाजलेल्या शहरात नोकरी शोधत आलेला एक तरुण इंजिनिअर होता केनिची यामामोतो. बॉम्बमध्ये त्याची बहीण गेली होती. त्याला काम मिळालं ते कारखान्यात, तीनचाकींचे गिअरबॉक्स जोडण्याचं.

१९६० च्या सुमारास जपान सरकारच्या मनात होतं की गाड्या बनवणाऱ्या कंपन्या फार झाल्या, त्यांना मोजक्या गटांत एकत्र करावं. हिरोशिमाच्या या कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना ते नको होतं. पण वेगळं राहायचं तर इतरांकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं. ते जर्मनीला गेले, एनएसयूशी करार केला, आणि १९६१ मध्ये सरकारची परवानगीही मिळाली. इंजिन हिरोशिमात आलं. चालवून बघितलं. काही काळ चाललं की आतल्या चकचकीत भिंतीवर ओळीने आडव्या चरा उमटायच्या, वाघनखांनी ओरबाडल्यासारख्या. तिथल्या लोकांनी त्यांना नाव दिलं 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'.

शाळेत गुरुजी फळ्यावर खडू जरा उभा धरून ढकलायचे आणि टर्रर्र आवाज करत टिंबांची सुंदर तुटक रेघ उमटायची, आठवतं? अगदी तेच. सील भिंतीवर घासताना थरथरत होतं आणि प्रत्येक थरथरीचा ठसा भिंतीवर राहत होता.

एप्रिल १९६३ मध्ये यामामोतोंच्या हाताखाली खास विभाग स्थापन झाला. माणसं ४७. जपानमध्ये सत्तेचाळीस सामुराईंची गोष्ट घरोघरी माहीत, आपल्याकडे बाजीप्रभूंची असावी तशी. त्यामुळे या मंडळींनाही तेच नाव पडलं. त्यांनी सीलसाठी नाना पदार्थ वापरून बघितले. सील आतून पोकळ करून त्याची थरथर बदलली, की ओरखडे गेले! शेवटी विक्रीच्या गाडीत बसलं ते कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवून केलेलं सील.

इथवर प्रयोगशाळेची गोष्ट झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. कॉस्मो नावाची सुरेख दोन सीटर गाडी १९६४ च्या टोकियो प्रदर्शनात लोकांनी बघितली. लोक विचारत होते, कधी मिळणार? कुठलीही कंपनी हातघाईवर आली असती. सरकारची टांगती तलवार, करारात अडकलेले पैसे, आणि तिकडे जर्मनांची स्पायडर बाजारात आलेली. यांनी काय केलं? विक्रीआधीच्या ८० गाड्या बनवल्या. २० स्वतःच्या तपासणी विभागाकडे ठेवल्या आणि ६० देशभरच्या आपल्या डीलर्सकडे दिल्या. चालवा म्हणाले, आणि काय होतं ते कळवा. १९६५ मध्ये हिरोशिमा प्रांतातच मियोशी इथे स्वतःचा टेस्ट ट्रॅकही सुरू झाला. गाडी विक्रीला आली ती थेट ३० मे १९६७ ला.

डीलरकडे गाडी देण्यात काय विशेष, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं. डीलर म्हणजे अर्धं गिऱ्हाईकच. तो गाडी बँकेत नेणार, गर्दीत अडकवणार, थंडीत रात्रभर बाहेर ठेवणार आणि सकाळी घाईत चालू करणार. तो काट्याकडे बघत नाही. आणि मुख्य म्हणजे उद्या इंजिन बसलं की शिव्या खायला दुकानात तोच उभा असणार. त्यामुळे तो खरं सांगतो. कंपनीचा पगारी माणूस कधीकधी साहेबाला आवडेल ते सांगतो.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. ऑगस्ट १९६८ मध्ये दोन कॉस्मो जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला नेल्या, तिथल्या ८४ तासांच्या शर्यतीला. ८४ तास, म्हणजे साडेतीन दिवस-रात्र! एक गाडी ८२ व्या तासाला मागच्या अॅक्सलपायी बाहेर पडली. दुसरी बेल्जियन ड्रायव्हरांनी चौथ्या क्रमांकावर आणली. दगा दिला तो अॅक्सलने, इंजिनाने नाही, आणि तेही ज्या देशात हे इंजिन जन्मलं तिथे.

न्याय म्हणून हेही सांगितलं पाहिजे की कॉस्मो फार थोड्या विकल्या गेल्या. १९७२ पर्यंत सगळ्या मिळून १,१७६. जवळजवळ हाताने बनवलेल्या. रो ८० दहा वर्षांत सुमारे ३७ हजार झाल्या. त्यामुळे सरळ तुलना करणं बरोबर नाही. पण दोन्ही गाड्या एकाच वर्षीच्या, चार महिन्यांच्या अंतराने आलेल्या. एका कंपनीला हे इंजिन पचलं आणि दुसरीचं अंगावर आलं, यात त्या ६० गाड्यांचा वाटा आहे असं मला वाटतं.

तिसरी तऱ्हा फ्रेंच, आणि ती सगळ्यात प्रामाणिक म्हणावी की सगळ्यात धाडसी, मला ठरवता येत नाही.

सित्रोएन कंपनीने घाईची शिक्षा आधी एकदा भोगली होती. १९३४ साली त्यांनी अपुऱ्या तयारीनिशी एक फार पुढारलेली गाडी बाजारात आणली आणि त्याच वर्षाअखेर दिवाळं निघून कंपनी मिशलाँकडे गेली. वान्केलच्या वेळी त्यांनी वेगळा रस्ता धरला. एम ३५ नावाची छोटी कूपे बनवली, एका रोटरची, आणि आपल्या निवडक जुन्या गिऱ्हाइकांनाच ती विकली. अट एक, वर्षाला ३०,००० किलोमीटर तरी गाडी फिरली पाहिजे. बदल्यात दोन वर्षांची वॉरंटी. आणि गाडीच्या पुढच्या मडगार्डवर रंगवून लिहिलेलं, 'प्रोटोटाइप सित्रोएन एम ३५', पुढे गाडीचा नंबर.

म्हणजे बघा, मामा जे चेष्टेत म्हणायचा तेच यांनी उघड उघड, गाडीवर लिहून केलं. गिऱ्हाईक टेस्ट करतं आणि पैसेही तेच भरतं! पण एक फरक होता. गिऱ्हाइकाला ते आधी माहीत होतं.

५०० गाड्या करायचं ठरलं होतं, १९६९ ते १९७१ मध्ये झाल्या २६७. नंतर कंपनीने त्यातल्या बहुतेक परत विकत घेऊन मोडीत काढल्या. थोड्या मालकांनी मात्र गाडी द्यायला नकार दिला, आणि आज संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. या शिदोरीवर सित्रोएनने दोन रोटरची जीएस बिरोटोर तयार केली आणि १९७३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला दाखवली.

पुढच्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि पेट्रोलच्या किमती आभाळाला भिडल्या. वान्केल इंजिनाची दुसरी खोड म्हणजे ते पेट्रोल पितं. बिरोटोर ८४७ झाल्या आणि १९७५ मध्ये संपल्या. जनरल मोटर्सने आपला वान्केल गुंडाळला. माझ्दासुद्धा त्या तडाख्यात बुडता बुडता वाचली, बँकेने हात दिला म्हणून. मग त्यांनी पेट्रोलचा खप कमी करण्यामागे वर्षं घालवली, १९७८ मध्ये आरएक्स-७ काढली, आणि १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत रोटरी इंजिनावर जिंकली. ती जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्षही झाले आणि २०१७ साली ९५ व्या वर्षी गेले. चाकं फिरवणारं त्यांचं शेवटचं रोटरी इंजिन २०१२ मध्ये बंद झालं. २०२३ पासून ते एका विजेच्या गाडीत परत आलंय, पण फक्त बॅटरी भरायला.

म्हणजे ज्यांनी चांगलं तपासलं तेही पेट्रोलच्या भावापुढे हतबल झाले. ते मान्य. त्याची टेस्ट कुठल्या घाटात घेणार? पण थंड इंजिनाची घेता आली असती.

आता मामाच्या वहीकडे येतो.

२००९ च्या दिवाळीत मी मामाकडे गेलो होतो. तो तेव्हा रिटायर झालेला, गुडघे गेलेले. गप्पांत मी नेहमीप्रमाणे त्याच्या नियमावरून त्याला चिडवलं. "मामा, तू स्वतः गाड्या पास करायचास आणि आम्हाला सांगायचास घेऊ नका म्हणून. हे काय?" एरवी तो हसला असता. त्या दिवशी उठला, कपाटातून वही काढली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. तारीख १९८६ च्या जानेवारीतली. अक्षर त्याचं, पेन्सिलीचं.

'सकाळी पहिल्यांदा चालू करताना आवाज. दहा मिनिटांनी जातो.'

खाली तीन दिवस हाच शेरा. चौथ्या दिवशी नाही.

"चौथ्या दिवशी आवाज आला नाही का?" मी विचारलं.

"आला ना. साहेब म्हणाले, गरम झाल्यावर जातो ना? मग सोड की. रोज काय तेच लिहितोस."

ती गाडी पास झाली. एक लाख किलोमीटर पळाली होती, खोटं काहीच नव्हतं. फॉर्मवर इतरांबरोबर मामाचीही सही होती. गाडी बाजारात आली. पुढच्या हिवाळ्यात तक्रारी यायला लागल्या, त्या सगळ्यात आधी दूधवाल्यांकडून. पहाटे चारला गाडी चालू करायची, चार घरं करायची, बंद करायची, परत चालू. त्यांची इंजिनं वर्षभरात खोलावी लागली. त्यातला एकजण आमच्याच आजोळच्या गावचा होता. कर्ज काढून गाडी घेतलेला. आणि घेताना त्याने मामालाच विचारलं होतं.

"मी म्हटलं घे," मामा म्हणाला. "लाख किलोमीटर मी स्वतः चालवलीय, घे बिनधास्त."

मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मामी आतून फराळाच्या ताटल्या घेऊन आली आणि विषय बदलला. नियमावरून मी त्याला परत कधी चिडवलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला इतकी वर्षं वाटायचं की त्याचा कंपन्यांवर विश्वास नाही. रो ८० बद्दल वाचताना पहिल्यांदा कळलं की तसं नव्हतं. त्याला माहीत होतं की आपण गाडीला कोल्हापूरचा रस्ता विचारला, दूधवाल्याची पहाट विचारलीच नाही. आणि एकदा विचारायची संधी आली होती ती आपण चौथ्या दिवशी सोडून दिली. नियम आमच्यासाठी होता, पण बोच त्याची स्वतःची होती.

नेकार्सउल्मच्या कारखान्यातही कोणीतरी असेल का, ज्याने सकाळच्या पहिल्या दोन किलोमीटरबद्दल काही लिहिलं आणि मग लिहिणं सोडलं? कुणास ठाऊक. पण आता रस्त्यात ती नक्षीवाली गाडी दिसली की मला वाटतं, आतल्या माणसाचा शेऱ्याचा रकाना कोणी वाचत असू दे.

असो. गाडी बुक केली का, हे विचारणारे फोन येतीलच म्हणून आधीच सांगतो, अजून नाही. आमच्या सौ. म्हणतात, मामांचा नियम आहे तर पाळू या, नाहीतरी आत्ता हप्ते परवडणार नाहीत. :) दोन्ही कारणं खरी आहेत.

जाता जाता एक विनंती. मामाकडे अशा आणखी वह्या होत्या असं मामी म्हणते. घर बदलताना त्या कुणाकडे तरी गेल्या. आजोळच्या मंडळींपैकी कुणाच्या माळ्यावर असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.